एकोणिसावा गडी आणि हरणाऱ्याची तक्रार

मागच्या व्याख्यानात आपण नियम आणि न्याय यांतला फरक पाहिला होता. तेव्हा सभागृहातून एक चिठ्ठी आली होती: "सर, हे सगळं कोर्टाबद्दल झालं. रोजच्या आयुष्यात हा फरक दिसतो कुठे?" उत्तर द्यायला वेळ उरला नव्हता, म्हणून आज ते एका खेळाच्या इतिहासातून द्यायचं आम्ही ठरवलं आहे. खेळ आपल्याकडचा नाही, ऑस्ट्रेलियातला आहे. पण थोडा धीर धरा, शेवटी आपण पुण्याजवळ गहुंज्याला येऊन पोहोचणार आहोत.

हा विषय सुचला तो एका फोनमुळे. आमची पुतणी मेलबर्नला असते. तिचा चौदा वर्षांचा मुलगा जीलाँग नावाच्या संघाचा भक्त आहे. 27 सप्टेंबर 2025 रोजी ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा अंतिम सामना झाला आणि ब्रिस्बेनने जीलाँगला 122 विरुद्ध 75, म्हणजे 47 गुणांनी हरवलं. संध्याकाळी पुतणीचा फोन आला, "काका, तुम्हीच बोला याच्याशी, जेवत नाहीये." मुलगा फोनवर आला तो थेट खटला मांडतच. "आजोबा, हा नियमच चुकीचा आहे! त्यांनी लॅकी नीलला बाकावर बसवून ठेवलं आणि आमचे लोक दमल्यावर ताजातवाना आत सोडला. हा काय न्याय झाला?"

आम्ही विचारलं, "अरे, तुमच्या संघाला बदली खेळाडू नव्हता का?"

थोडा वेळ शांतता. मग, "होता... पण तो नील नव्हता ना!"

हसू नका. आपण सगळेच त्या वयात असं बोललो आहोत, आणि खरं सांगायचं तर सत्तरीतही बोलतो. पण त्या मुलाच्या तक्रारीमागे जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास उभा आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं. तो इतिहास आज आपण पाहू.

आधी खेळाची ओळख. 1858 साली टॉम विल्स नावाच्या क्रिकेटपटूने मेलबर्नच्या एका वृत्तपत्रात पत्र लिहून सुचवलं की, हिवाळ्यात क्रिकेटपटूंचं अंग मोकळं राहावं म्हणून एक फुटबॉल क्लब काढावा. 1859 च्या मे महिन्यात मेलबर्नच्या काही मंडळींनी बसून नियम लिहून काढले. म्हणजे हा खेळ क्रिकेटच्या पोटी जन्माला आला, आणि म्हणूनच तो आजही क्रिकेटच्या लंबगोल मैदानावर खेळतात. एका बाजूला अठरा गडी. चेंडूही लंबगोल. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून लाथेने चेंडू मारला की सहा गुण, बाजूच्या खांबांतून गेला की एक गुण. सामन्याचे चार भाग. ऑफसाइड नाही, त्यामुळे कोणीही कुठेही धावू शकतो. एकेक खेळाडू सामन्यात बारा-तेरा किलोमीटर सहज धावतो, आणि तेही धडका खात. मग ओघानेच प्रश्न येतो: कोणी पडला, मोडला, तर काय करायचं?

सुरुवातीचं उत्तर होतं, काहीच नाही. व्हिक्टोरियन फुटबॉल लीगचा पहिला हंगाम 1897 चा. त्यानंतर तीस-बत्तीस वर्षं बदली खेळाडूच नव्हता. पाय मुरगळलेला गडी मैदानाच्या एका कोपऱ्यात लंगडत उभा राहायचा, नाहीतर संघ सतरा जणांवर खेळायचा. तुम्ही हरलात तर लोक म्हणणार, नशीब. त्या काळच्या मनुष्याला यात अन्याय वाटत नव्हता असं नाही, पण तो अन्याय दैवाचा होता, नियमाचा नव्हता. हा भेद लक्षात ठेवा. दैवावर माणूस चिडतो, पण दैवाला दुरुस्ती सुचवत नाही.

1930 साली एकोणिसावा गडी आला, म्हणजे एक बदली खेळाडू. 1946 मध्ये विसावा आला. अट एकच होती, बाहेर गेलेला परत आत येऊ शकत नाही. आपल्या जुन्या कबड्डीत गामिनी आणि संजीवनी असे दोन प्रकार होते, आठवतात का? गामिनीत बाद झालेला गडी बाहेरच राहायचा, संजीवनीत समोरचा बाद झाला की आपला जिवंत होऊन आत यायचा. बाद होणं आणि बदलणं या गोष्टी वेगळ्या आहेत, पण परतीची वाट बंद की उघडी, हा मुद्दा तोच. ऑस्ट्रेलियन फुटबॉल 1977 पर्यंत या अर्थाने गामिनीवाला होता. प्रशिक्षकाने एकदा गडी काढला की काढला. निर्णय मागे घेता येत नसे.

आता जिथे हा नियम दंतकथा झाला, त्या दिवसाकडे येऊ. 26 सप्टेंबर 1970. मेलबर्न क्रिकेट ग्राउंड. प्रेक्षक 1,21,696. इतकी गर्दी या खेळाने त्याआधी पाहिली नव्हती आणि नंतरही पाहिलेली नाही. सामना कॉलिंगवूड आणि कार्लटन यांच्यात. दोन्ही मेलबर्नच्या शेजारशेजारच्या वस्त्यांचे संघ. शेजारी म्हटलं की वैर आलंच, ते आपल्याला नव्याने सांगायला नको. मध्यंतराला कॉलिंगवूड 73, कार्लटन 29. चव्वेचाळीस गुणांची आघाडी. कॉलिंगवूडच्या लोकांनी मनात गुढ्या उभारल्या होत्या.

मध्यंतरात कार्लटनचा प्रशिक्षक रॉन बरासी याने दोन गोष्टी केल्या. एक, खेळाडूंना सांगितलं की चेंडू लांब मारत बसू नका, हाताने जवळच्याला द्या आणि धावत सुटा. दुसरी, बर्ट थॉर्नली याला काढून बाकावरचा एकोणिसावा गडी टेड हॉपकिन्स आत पाठवला. अंगाने किरकोळ मुलगा. लोकांना त्याचं नावही धड ठाऊक नव्हतं. त्याने अर्ध्या सामन्यात चार गोल मारले. कार्लटन 111, कॉलिंगवूड 101. दहा गुणांनी उलटफेर.

कॉलिंगवूडच्या घरांत त्या रात्री काय झालं असेल, याची आपण कल्पना करू शकतो. 1983 साली आपण विश्वचषक जिंकलो तेव्हा वेस्ट इंडीजमधल्या घराघरांत जे झालं असेल तेच. या संघाने 1958 साली विजेतेपद मिळवलं आणि पुढचं मिळवलं थेट 1990 मध्ये. मधल्या काळात हा संघ आठ अंतिम सामने हरला. 1964 मध्ये चार गुणांनी. 1966 मध्ये एका गुणाने! 1979 मध्ये पाच गुणांनी, तेही पुन्हा कार्लटनकडून. लोकांनी या रोगाला नावच दिलं, "कॉलिवॉबल्स", म्हणजे कॉलिंगवूडला ऐन वेळी सुटणारा पोटातला गोळा. बाप हरलेले सामने पाहून म्हातारे झाले आणि पोरं तेच वारशात घेऊन मोठी झाली.

आता तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याने इथे थांबून विचारायला हवं: कॉलिंगवूडवर अन्याय झाला का?

बदली खेळाडू त्यांच्याकडेही होतेच. बरासीने नियम मोडला नाही, वाकवलाही नाही. परत न बोलावता येणारा एक निर्णय त्याने घेतला, आणि तो अंगाशी आला असता तर सगळं खापर त्याच्याच डोक्यावर फुटलं असतं. म्हणजे हॉपकिन्सबद्दलची तक्रार टिकत नाही. पण त्याच सामन्यात आणखी एक गोष्ट घडली, आणि दंतकथेत ती मागे पडते. कॉलिंगवूडचा मुख्य गोल मारणारा पीटर मॅकेना. मध्यंतरापूर्वी तो आपल्याच सहकाऱ्यावर आदळला आणि त्याच्या डोक्याला जबर मार बसला. आजच्या भाषेत कन्कशन. तरीही तो उत्तरार्धात मैदानातच होता. कोणी त्याला सक्तीने बाहेर बसवलं नाही, कारण तसा नियमच नव्हता, आणि अंतिम सामन्यात आपला सर्वात मोठा गोलंदाज, नव्हे, गोल मारणारा, कायमचा बाहेर कोण काढील? पुन्हा आत आणता येत नाही ना!

पाहा, एकाच दुपारी बदलीच्या नियमाच्या दोन बाजू दिसल्या. ज्याला काढायची गरज नव्हती त्याला डावपेच म्हणून काढलं आणि सामना जिंकला. ज्याला काढायलाच हवं होतं, त्याला कोणी काढलं नाही. चाहते पन्नास वर्षं पहिल्या गोष्टीवर हळहळले. खरा दोष दुसऱ्या गोष्टीत होता.

आपल्या न्यायदर्शनात चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. वाद, जल्प आणि वितंडा. सत्य काय ते कळावं म्हणून करतात तो वाद. जिंकण्यासाठी करतात तो जल्प. स्वतःचं काहीच न मांडता फक्त समोरच्याचं खोडायचं, ती वितंडा. हरलेल्या संघाचा चाहता बहुतेक वेळा जल्पात असतो, आणि तिसऱ्या पेल्यानंतर वितंडेत. पण म्हणून त्याचं सगळंच म्हणणं खोटं ठरत नाही. दुःखाच्या भरात बोललेल्या दहा गोष्टींत एखादी खरी असते. ती ओळखायची कशी? आमची कसोटी साधी आहे. तीच तक्रार जिंकणाऱ्याच्या तोंडी घालून पाहा. तिथेही ती शोभली तर तो वाद आहे. तिथे ती हास्यास्पद वाटली तर जल्प समजा.

या कसोटीवर पुढचा इतिहास तपासू.

1978 मध्ये परतीची वाट उघडली. बाकावरचे दोन गडी आणि मैदानातले गडी यांच्यात हवी तितक्या वेळा अदलाबदल करायला परवानगी मिळाली. गामिनीची संजीवनी झाली. हेतू चांगलाच होता, लागलेल्या खेळाडूला तपासता यावं, सावरला तर परत येऊ द्यावं. 1994 मध्ये बाकावर तीन आले, 1998 मध्ये चार. आणि मग प्रशिक्षकांच्या ध्यानात आलं की, ही सोय फक्त जखमींसाठी कशाला? दमलेल्याला दोन मिनिटं बसवा, ताजा करून परत सोडा. 2010 पर्यंत एकेक संघ एका सामन्यात शंभराहून अधिक वेळा गडी बदलू लागला होता. आणि या विद्येत त्या वर्षी सगळ्यात पुढे कोण होतं? कॉलिंगवूड! मिक माल्टहाउसच्या हाताखाली त्यांनी 2010 चं विजेतेपद मिळवलं. ज्यांना एका बदलीने रडवलं होतं, ते शंभर बदल्यांच्या जोरावर हसले. इतिहासाला विनोदबुद्धी आहे असं आम्ही म्हणतो, ते यासाठी.

मधे 2008 साली एक गंमत झाली. सिडनी आणि नॉर्थ मेलबर्न यांच्या सामन्यात, शेवटच्या मिनिटांत, बदलीच्या गोंधळात सिडनीचे एकोणीस गडी मैदानात होते. सामना बरोबरीत सुटला. जुना नियम असा की, विरुद्ध कर्णधाराने डोकी मोजायची मागणी करावी, आणि जादा गडी सापडला तर दोषी संघाचे तोपर्यंतचे सगळे गुण पुसले जावेत. सगळे! पण मागणीच झाली नाही. नॉर्थच्या चाहत्यांचा संताप तुम्ही समजू शकता. आपली कसोटी लावा. "अठराच्या जागी एकोणीस नसावेत" हे सिडनीवाल्यालाही मान्य करावंच लागेल. म्हणजे हा वाद. आणि झालंही तसंच. नियम बदलले, बदलीच्या जागेवर देखरेख कडक झाली, आणि अशा चुकीला खेळ चालू असतानाच दंड देण्याची सोय झाली.

2011 मध्ये पुन्हा नवा प्रयोग झाला. तक्रार अशी होती की, एखाद्या संघाचा गडी पहिल्याच दहा मिनिटांत जायबंदी झाला, तर उरलेला सामना त्या संघाला बदलीचा एक गडी कमी पडतो आणि तो शेवटी दमून हरतो. तक्रार कसोटीला उतरते. म्हणून अदलाबदलीचे तीन आणि एक स्वतंत्र बदली खेळाडू, अशी व्यवस्था झाली. बदली खेळाडूने हिरवं जाकीट घालायचं, बाहेर गेलेल्याने लाल. आता काय झालं? संघ कोणाला हिरवं जाकीट देऊ लागले? नव्या पोराला, नाहीतर उतरणीला लागलेल्याला. आठवडाभर घाम गाळायचा, आई-वडिलांना सामना पाहायला बोलवायचं, आणि मग दोन-अडीच तास हिरवं जाकीट घालून बसून राहायचं. एकाचा अन्याय दूर करताना दुसऱ्याच्या पदरात तो टाकला गेला. 2016 पासून ही पद्धत बंद झाली, पुन्हा अदलाबदलीचे चार आले. अदलाबदलीवर 2014 मध्ये 120 ची मर्यादा आली होती, ती 2016 मध्ये 90 आणि 2021 मध्ये 75 झाली.

आणि आता या इतिहासातला सर्वात गंभीर भाग. पॉली फार्मर हे जीलाँगचे एक महान खेळाडू. 2019 मध्ये ते गेले. पुढच्या वर्षी त्यांच्या मेंदूच्या तपासणीचा निष्कर्ष आला, वारंवार डोक्याला बसलेल्या आघातांतून होणारा मेंदूचा विकार. या खेळातल्या खेळाडूमध्ये त्याचं निदान पहिल्यांदाच झालं होतं. मॅकेनाची ती दुपार आठवा. 2021 पासून कन्कशन झालेल्या खेळाडूला किमान बारा दिवस बाहेर बसवण्याचा दंडक झाला, आणि त्या हंगामाच्या अगदी तोंडावर वैद्यकीय बदली खेळाडू आला. डॉक्टरने सांगितलं की हा गडी पुढचे बारा दिवस खेळू शकणार नाही, तरच बदली करायची.

नियम चांगला होता, पण त्यामुळे सगळा भार डॉक्टरच्या सहीवर आला. प्रशिक्षकाला ताजा गडी हवा आहे, डॉक्टर त्याच संघाचा पगारी माणूस आहे, आणि स्नायू "दुखावला" आहे की "दमला" आहे हे बाहेरून कोणाला कळणार? संशय सुरू झाला. प्रत्येक हरलेल्या चाहत्याला समोरच्या संघाची दुखापत खोटी वाटू लागली. 2023 मध्ये लीगने अखेर हात टेकले आणि सांगितलं, बदली कोणत्याही कारणाने करा, कारण विचारणार नाही. आणि आता 2026 च्या हंगामापासून तो स्वतंत्र बदली खेळाडूच रद्द करून अदलाबदलीचे पाच गडी ठेवायचा निर्णय झाला आहे. म्हणजे आमच्या नातवाने ज्याच्यावर राग काढला, तो नील अंतिम सामन्यात अशा पद्धतीने उतरलेल्या शेवटच्यांपैकी एक ठरला. पोटरीच्या दुखापतीतून उठलेला माणूस, उत्तरार्धात आला आणि गोल मारून गेला. हॉपकिन्सनंतर पंचावन्न वर्षांनी.

ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्रात एक दाखला दिला आहे. लेस्बॉस बेटावरचे गवंडी शिशाची मोजपट्टी वापरत. दगड वेडावाकडा असला तर ती पट्टी दगडाच्या आकाराप्रमाणे वाकायची. कायदा सर्वांसाठी सरसकट असतो, म्हणून एखाद्या प्रसंगी तो अपुरा पडतो, तिथे अशी वाकणारी पट्टी लागते, असं त्याचं म्हणणं. बदली खेळाडू ही खेळाची शिशाची पट्टी आहे. पण ॲरिस्टॉटलच्या गवंड्याला सामना जिंकायचा नव्हता. पट्टी वाकवणाऱ्याचाच त्यात फायदा असेल तर काय? इथे मग दोनच मार्ग उरतात. पट्टी तिऱ्हाईताच्या हाती द्या, किंवा दोघांनाही सारखीच वाकवू द्या. ऑस्ट्रेलियाने दुसरा मार्ग धरला.

आता चला गहुंज्याला. 31 जानेवारी 2025. भारत विरुद्ध इंग्लंड, ट्वेंटी-ट्वेंटी सामना. शेवटच्या षटकात शिवम दुबेच्या हेल्मेटवर चेंडू लागला. तो अर्धशतक करून परतला. त्याच्या जागी कन्कशनचा बदली म्हणून हर्षित राणा आला. नियम सांगतो, बदली तशाच प्रकारचा खेळाडू हवा. दुबे फलंदाजी करणारा, अधूनमधून गोलंदाजी टाकणारा. राणा अस्सल वेगवान गोलंदाज. सामनाधिकाऱ्यांनी परवानगी दिली, राणाने तीन बळी घेतले, भारत पंधरा धावांनी जिंकला. इंग्लंडचा कर्णधार बटलर याने उघड नाराजी सांगितली.

त्या रात्री आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर सगळे म्हणत होते, "रडी आहेत इंग्रज." आम्हीही म्हणालो, लपवत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी फिरताना कसोटी आठवली. समजा, इंग्लंडने आपल्या जखमी फलंदाजाच्या जागी जोफ्रा आर्चर आणला असता आणि त्याने आपले तीन गडी उडवले असते, तर कट्टा गप्प बसला असता का? नसता. मग बटलरची तक्रार जल्प नव्हती, वाद होता. सामना आपण नियमाने जिंकलो, याबद्दल शंका नाही. पण तक्रार खरी होती, हे म्हणायला आपलं काय जातं?

इथे एक सावधगिरी हवी. त्या तक्रारीचा अर्थ "डोक्याला लागलेल्याची बदली नको" असा होऊ देता कामा नये. तसं झालं तर आपण परत 1970 च्या त्या दुपारी जाऊ, जिथे मार बसलेला माणूस मैदानात तसाच राहतो. पट्टी फेकून द्यायची नाही. ती कोणी धरायची, एवढंच ठरवायचं आहे.

टेड हॉपकिन्सचं पुढे काय झालं, हे सांगून थांबतो. पुढच्याच वर्षी त्याने मोठा फुटबॉल सोडला. कवितेच्या आणि छोट्या प्रकाशनाच्या मार्गाला लागला. आणि पुढे नव्वदच्या दशकात, चॅम्पियन डेटा ही खेळाची आकडेवारी ठेवणारी कंपनी उभी करणाऱ्यांत तो होता. एका बदलीमुळे प्रसिद्ध झालेल्या माणसाने पुढे खेळातली प्रत्येक हालचाल मोजायची व्यवस्था केली.

आमच्या नातवाला आम्ही त्या रात्री एवढंच सांगितलं: "बाळा, चिडायला हरकत नाही. पण तुझी तक्रार उद्या ब्रिस्बेनच्या पोराच्या तोंडी घालून बघ. टिकली तर लीगला पत्र लिही. नाही टिकली तर जेवून घे." पुतणी म्हणाली, जेवला. पत्राचं अजून कळलेलं नाही.

आता तुमचे प्रश्न घेऊ. आणि ज्यांना अजूनही बटलर रडका वाटतो, त्यांनी आधी हात वर करावेत.